शिक्षकांच्या अभ्यासगटासाठी टेलिग्राम कसं आहे?

जिल्हा परिषदेच्या शाळांच्या कुठल्याही केंद्राचा (म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाचा) व्हॉट्सअ‍ॅप गट उघडून बघा. सकाळी पोषण आहाराची माहिती, दुपारी 'तात्काळ' असं लिहिलेला एक्सेल तक्ता, मग कुणाचा वाढदिवस आणि त्याखाली तीस-चाळीस शुभेच्छा. यातच एखाद्या बाईंनी दुसरीच्या वाचनाची सुंदर कृती टाकलेली असते. संध्याकाळपर्यंत ती पार वर निघून जाते आणि महिन्याभराने गरज पडते तेव्हा सापडत नाही. फाइल वेळेत डाउनलोड केली नसेल, तर पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागून घ्या असा संदेश दिसतो. बदली होऊन आलेल्या शिक्षकाला मागचं काहीच आपोआप दिसत नाही. शिक्षकांनी एकमेकांकडून शिकायचं असेल, तर शिकलेलं साठून राहायला हवं. टेलिग्राम तिथे उपयोगी पडतं.

टेलिग्राममध्ये 'चॅनेल' आणि 'ग्रुप' अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच बहुतेकांची गडबड होते. अभ्यासगटासाठी दोन्ही लागतात. चॅनेलवर फक्त अ‍ॅडमिन टाकतात, त्यामुळे मजकूर स्वच्छ राहतो. चॅनेलच्या सेटिंगमध्ये 'डिस्कशन'मधून एक ग्रुप जोडला, की प्रत्येक पोस्टखाली 'कमेंट' दिसते आणि त्या कृतीवरची चर्चा त्या कृतीखालीच राहते. नवीन आलेल्याला चॅनेलवरचं पहिल्या दिवसापासूनचं सगळं दिसतं. ग्रुपमध्ये मात्र 'चॅट हिस्टरी फॉर न्यू मेंबर्स' हे सेटिंग तपासा. खासगी ग्रुपमध्ये ते 'हिडन' असू शकतं, ते 'व्हिजिबल' करावं लागतं. 'रिस्ट्रिक्ट सेव्हिंग कंटेंट' बंद ठेवा. ते चालू असेल तर कार्यपत्रिका डाउनलोडही होत नाही आणि पुढेही पाठवता येत नाही.

आमच्या मते सगळ्यात मोलाची सोय म्हणजे पोलमधला 'क्विझ मोड'. बहुतेक जण तो सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर वाया घालवतात. शिक्षकांसाठी तो असा वापरावा: मुलाच्या वहीतली एक चूक घ्या. 53 − 27 चं उत्तर मुलाने 34 लिहिलंय. प्रश्न विचारा, "मुलाने काय केलं असेल?" पर्याय द्या: पाढा चुकला, हातचा घेतला पण दशकातून कमी करायला विसरला, प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, बेरीज केली. बरोबर पर्याय तिसरा: सातातून तीन गेले चार, पाचातून दोन गेले तीन. 'हातचा विसरला' हा पर्याय मुद्दाम ठेवायचा, कारण घाईत तपासताना आपण तेच निदान करून मोकळे होतो. तसं असतं तर उत्तर 36 आलं असतं. उत्तर दिल्यावर दिसणाऱ्या स्पष्टीकरणाला 200 अक्षरांची मर्यादा आहे, तेवढ्यात फक्त निदान बसतं. उपाय कमेंटमध्ये लिहा: दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवा, एक गठ्ठा सोडा, आता चार गठ्ठे आणि तेरा सुट्या झाल्या. तेरातून सात गेल्या सहा, चार गठ्ठ्यांतून दोन गेले दोन, सव्वीस. काड्या हाताळून झाल्यावरच तीच कृती अंकांत लिहून घ्या.

चॅनेलवरचा पोल निनावीच असतो आणि ते चांगलं आहे. कुणी कोणतं उत्तर दिलं हे केंद्रप्रमुखांना दिसणार असेल, तर मोकळेपणाने कोण उत्तर देईल? ग्रुपमध्ये पोल टाकलात, तर 'अ‍ॅनॉनिमस व्होटिंग' चालू आहे ना हे बघून घ्या.

शोध ही दुसरी मोठी सोय आहे, पण मराठीत ती सहज फसते. एकाने 'गणित' लिहिलं, दुसऱ्याने 'गणीत', कुणाच्या कीबोर्डवर ३ उमटतो तर कुणाच्या 3, आणि शोधताना निम्मंच हाती लागतं. म्हणून इयत्ता आणि विषयाच्या खुणा (हॅशटॅग) सुरुवातीलाच ठरवा, त्यांची यादी पिन करा आणि प्रत्येक पोस्टखाली तिथूनच कॉपी करून लावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सहा महिन्यांनी चॅनेल कामाचं राहील की नाही हे यावरच ठरतं.

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा पुरे. तो 'फाइल' म्हणून पाठवू नका. 1080 दर्जाचं एका मिनिटाचं चित्रण बऱ्याच फोनवर 100 एमबीच्या पुढे जातं आणि वाडी-वस्तीवरच्या नेटवर्कला ते झेपत नाही. 'व्हिडिओ' म्हणून पाठवलं की अ‍ॅप स्वतःच आकार कमी करतं. पीडीएफ मात्र आहे तशीच पाठवा. आठवड्याला दोन पोस्ट भरपूर झाल्या. पाठवण्याचं बटण दाबून धरलं की 'शेड्यूल मेसेज' येतं. वेळ संध्याकाळची लावा, म्हणजे वर्गात तास चालू असताना फोन वाजणार नाही.

आता दोष. फोनची जागा झपाट्याने भरते. 'डेटा अँड स्टोरेज'मध्ये जाऊन ऑटो-डाउनलोड बंद करा आणि 'कीप मीडिया' एक आठवड्यावर आणा. फोनवरून गेलं तरी ते टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतं आणि पुन्हा उघडता येतं. अनोळखी लोक घरबसल्या कमाईच्या गटांत ओढतात, त्यातून फसवणूक होते. 'प्रायव्हसी'त फोन नंबर 'नोबडी' आणि गटात घेण्याची परवानगी 'माय कॉन्टॅक्ट्स' अशी ठेवा. चॅनेल आणि ग्रुपमधले मेसेज व्हॉट्सअ‍ॅपसारखे एंड-टू-एंड कूटबद्ध (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणालाच वाचता न येणारे) नसतात, म्हणून मुलांचे आधार क्रमांक, गुणपत्रकं, वैद्यकीय नोंदी यांतलं काहीही तिथे नको. वहीचा फोटो टाकताना नाव कापा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे.

प्रकाशकांच्या गाइडची स्कॅन प्रतही चालणार नाही. स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेचं साहित्य टेलिग्रामवर परवानगीशिवाय फिरत होतं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये ते पसरवणाऱ्या चॅनेलचालकांची माहिती द्यायला टेलिग्रामला सांगितलं होतं.

पालकांना मात्र इकडे आणू नका. 2020 मध्ये शाळा बंद असताना 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला घरोघरी गेली ती मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवरूनच, आणि पालक आजही तिथेच आहेत. त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटीचा घोषणा-गट उत्तम, त्यात पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. कार्यालयीन पत्रंही व्हॉट्सअ‍ॅपवरच राहू द्या. अभ्यासाच्या चॅनेलवर एकदा 'माहिती भरून पाठवा' सुरू झालं की लोक ते म्यूट करतात.

शेवटचं एक काम चॅनेल उघडतानाच करा. ज्यांनी चॅनेल बनवलं त्यांची बदली झाली, तर मालकी दुसऱ्याला द्यावी लागते. त्यासाठी मालकाच्या खात्यावर 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' (लॉगिनसाठीचा जादा पासवर्ड) किमान सात दिवस आधीपासून चालू असावं लागतं आणि त्या फोनवरचं लॉगिन निदान 24 तास जुनं असावं लागतं. नवा फोन घेऊन त्याच दिवशी मालकी द्यायला गेलात, तर अ‍ॅप थांबवतं. तेव्हा तो पासवर्ड पहिल्याच दिवशी लावा आणि वेगळ्या शाळेतला दुसरा अ‍ॅडमिन तेव्हाच नेमा.