बोर्डो मलमासाठी चुना: खडा घ्यावा की पिशवीतली भुकटी?

वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बुंध्याला लावायच्या बोर्डो मलमासाठी (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) चुना दोन रूपांत मिळतो: कळीचा खडा आणि पिशवीबंद विझवलेली भुकटी. काउंटरवर दोन्ही किलोला किलो सारखेच धरले जातात, आणि घोळ तिथेच होतो.

कळीच्या चुन्याचं रेणुवस्तुमान ५६, पाण्याचं १८, विझल्यावर ७४. म्हणजे १ किलो खड्याची १.३२ किलो भुकटी होते. उलट १ किलो भुकटीत खड्याचा ऐवज ७५७ ग्रॅमच. मलमाचं प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी; भुकटी वापरायची तर १.३२ किलो घ्या.

खरं तर १ किलो मोरचुदाला (रेणुवस्तुमान सुमारे २५०) पूर्ण प्रक्रियेसाठी २२५ ग्रॅम कळीचा चुना पुरतो. त्यातून साधारण ३९० ग्रॅम कॉपर हायड्रॉक्साइड आणि ६९० ग्रॅम जिप्सम तयार होतं. बाकीचा चुना तांबं मोकळं राहू नये म्हणून. त्यामुळे ताजी भुकटी थोडी कमी पडली तरी लगेच बिघडत नाही. बिघडतं ते जुन्या मालानं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याची चुनखडी होते, ५६ चे १०० होतात. पिशवी जड, चुना कमी! चिमूटभर भुकटीवर लिंबू पिळा. जोरात फसफसली तर परत करा.

आमची पसंती खड्यालाच. पाणी टाकताच तापून फुटला तर माल ताजा, थंड पडून राहिला तर शिळा. ही पारख भुकटीत होत नाही. त्रासही आहे. विझवताना उकळी उडते, डोळे सांभाळा, पातळ प्लास्टिकची बादली वापरू नका, पाणी थोडं थोडं घाला. खडे उरतात, गोणपाटातून गाळावंच लागतं. भुकटीला ही कटकट नाही, पिशवी सीलबंद आणि ताजी असेल तर ती चालेल.

मोरचूद मात्र प्लास्टिकमध्येच विरघळवा, लोखंडात तांबं भांड्यावर चढतं. दोन्ही द्रावणं थंड झाल्यावर एकत्र करा, गरम असताना साका जाड पडतो. मग घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. नाही आला तर मलम त्याच दिवशी संपवा.