१५ वॅटच्या लॅपटॉपवर गेम : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मशीन अगदी ओळखीचं आहे. इंटेल कोअर आय५-८२५०यू, त्यातच असलेलं यूएचडी ६२० ग्राफिक्स, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ५४०० फेऱ्यांची १ टीबी हार्ड डिस्क आणि १५.६ इंची फुल एचडी पडदा. २०१८-१९च्या सुमारास इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेल्या पोरांच्या घरात असा एखादा लॅपटॉप अजून सापडतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि पुढे बसवताही येत नाही. नऊ महिन्यांत त्यावर दुसरी रॅम, एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण), चिपची उष्णता बाहेर पोचवणारी नवी पेस्ट, अंडरव्होल्ट (चिपला जाणारं व्होल्टेज थोडं उतरवणं) आणि वॅटची फेरवाटणी एवढे प्रयोग झाले. सगळ्यात जास्त फरक रॅमने पडला. त्याच्या खालोखाल फरक पाडणाऱ्या गोष्टीला एक रुपयाही लागला नाही, आणि तीच बहुतेकांना माहीत नसते.

आधी रॅम. यूएचडी ६२०ला स्वतःची मेमरी नसते, ते प्रोसेसरच्याच रॅममधून उपसतं. एकाच विहिरीवर दोन मोटा. डीडीआर४-२४००ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी देते. तशीच दुसरी लावली की दोन्ही चॅनल (मेमरीकडे जाणारे रस्ते) चालू होतात आणि आकडा ३८.४वर जातो. जीटीए ५ मध्ये १२८०×७२० आणि सगळं नॉर्मलवर ठेवून शहरातून गाडी हाणली तर आधी सेकंदाला पंचविशीच्या आतबाहेर फ्रेम (पडद्यावर उमटणारी चित्रं) मिळायच्या. दुसरी ८ जीबी लावल्यावर त्याच रस्त्यांवर तेहतीस-पस्तीस दिसायला लागल्या. शिवाय विंडोज साधारण निम्मी रॅम ग्राफिक्सला वापरू देतं, त्यामुळे १६ जीबी झाल्यावर टेक्स्चरचीही ओढाताण थांबते.

विकत घेण्यापूर्वी मशीनची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबमध्ये सिंगल आहे की ड्युअल ते बघा आणि तळ उघडून स्लॉट मोजा. लागते ती २६० पिनांची, १.२ व्होल्टची लॅपटॉपवाली डीडीआर४. २६६६ किंवा ३२००ची स्टिक मिळाली तरी चालेल, ती गुमान २४००वर धावेल, म्हणून तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. काही मॉडेलांत ४ जीबी बोर्डावरच डकवलेली असते आणि स्लॉट एकच. तिथे ८ची स्टिक लावली तर ४ अधिक ४ अशी ८ जीबी दुहेरी चॅनलवर आणि उरलेली ४ एकेरीवर चालते. गेमसाठी तेवढंही पुरतं. बसवताना आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, स्टिक तिरकी धरून सोनेरी पट्टी जवळपास दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला, मगच खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा टक् आवाज यायला हवा. पहिल्यांदा चालू करताना पडदा अर्धा-एक मिनिट काळाच राहू शकतो. मशीन नवी मेमरी तपासत असतं, घाबरून बटण दाबून धरू नका. त्यानंतरही काळाच राहिला तर बहुतेक वेळा स्टिक नीट बसलेली नसते.

आता फुकटातली गोष्ट. या प्रोसेसरची ठरलेली मर्यादा १५ वॅट आहे आणि त्यात चारही कोअर व ग्राफिक्स दोघांनी भागवायचं असतं. सुरुवातीला मात्र त्याला बरीच मोठी उसळी मारायची मुभा असते, बऱ्याच मशीनवर २८ सेकंदांची. नव्याचे नऊ दिवस तसे हे २८ सेकंद. गेम उघडला की लोण्यासारखा चालतो, अर्ध्या मिनिटात रडायला लागतो आणि आपण ‘तापला वाटतं’ म्हणतो. तापलेला नसतो, वॅट संपलेले असतात. खात्री करायची तर एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. तापमान सत्तरीत आहे, पॅकेज पॉवर १५ला चिकटली आहे आणि ‘पीएल१’ (कायमची वॅटमर्यादा) याच्यासमोर ‘येस’ लिहून आलंय, म्हणजे निदान झालं.

अशा वेळी प्रोसेसर ३.४ गीगाहर्ट्झच्या दिशेने धावायच्या नादात बराचसा घास स्वतः खातो आणि ग्राफिक्स उपाशी राहतं. यूएचडी ६२०चा कमाल वेग ११०० मेगाहर्ट्झ आहे. गेममध्ये तो ७००-८००वर घसरलेला दिसला तर उपाय उलटा करायचा : प्रोसेसरला आवर घालायचा. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे पॉवर ऑप्शनमधलं ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करणं. त्याने टर्बो (मूळ वेगाच्या वर मारलेली धाव) बंद होतो आणि प्रोसेसर १.८च्या आसपास स्थिरावतो. (विंडोज याच प्रोसेसरपुढे १.६० आणि १.८० असे दोन आकडे का दाखवतं, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पहिला नावातला, दुसरा कंपनीने लावून दिलेला.) पण हा उपाय म्हणजे कुऱ्हाडीने भाजी चिरणं. जीटीएमध्ये चौकात गर्दी झाली की १.८ कमी पडतं. त्यापेक्षा प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज बदलू देणाऱ्या थ्रॉटलस्टॉप प्रोग्रॅममध्ये ‘एफआयव्हीआर’ नावाच्या खिडकीत टर्बो रेशो २२ ते २४वर आणा, म्हणजे २.२ ते २.४ गीगाहर्ट्झ. या मशीनवर २३ला सूर लागला. ग्राफिक्स हजाराच्या वर टिकून राहिलं आणि फ्रेमची खाली-वर धाव थांबली. तिथल्याच टीपीएल (वॅटमर्यादांच्या) खिडकीत ‘पॉवर बॅलन्स’ म्हणून ० ते ३१ची वाटणी आहे. त्यात ग्राफिक्सचा आकडा वर आणि सीपीयूचा खाली नेला की ओढाताणीत झुकतं माप ग्राफिक्सला मिळतं.

हे सगळीकडे चालत नाही. माइनक्राफ्ट जावाचा बराच भार एका कोअरवर येतो, तिथे टर्बो मोकळा सोडा, सोडियम मॉड (फ्रेम वाढवणारी जोड) घाला आणि रेंडर डिस्टन्स ८ ठेवा. एकूण रॅम ८ जीबी असेल तर माइनक्राफ्टला ५-६ जीबी देऊन टाकण्याचा मोह टाळा, ती ग्राफिक्सच्याच ताटातून जाते. दोन-तीन जीबी पुष्कळ. व्हॅलोरंटही प्रोसेसरवर बऱ्यापैकी भार टाकतो, त्यात फार आवळलं की धुमश्चक्रीत नेमके गचके बसतात.

अंडरव्होल्टबद्दल एक गैरसमज पक्का रुजलाय. लोक तापमान उतरावं म्हणून करतात, आकडा फारसा हलत नाही आणि निराश होतात. कुंपण वॅटचं असेल तर व्होल्टेज उतरल्यावर प्रोसेसर वाचलेले वॅट लगेच वेगात खर्च करतो. उष्णता तेवढीच, काम जास्त. तापमान उतरवायचं असेल तर सोबत टर्बो रेशोही आवळायला हवा. कोअर आणि कॅश (प्रोसेसरमधली छोटी मेमरी) दोन्हींना सारखाच उणे आकडा द्यावा लागतो, एकालाच दिला तर काही होत नाही. उणे ५० मिलीव्होल्टपासून सुरू करा आणि १०-१०ने पुढे जा. या पिढीच्या पुष्कळ चिपा उणे ८० ते १००पर्यंत तग धरतात, पण शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू पडेलच असं नाही. इथे ९५ला तासभर गेम सुरळीत चालला आणि नंतर ब्राउझर उघडून नुसतं बसल्यावर निळा पडदा आला. हे नेहमीचं आहे. अस्थिरता पूर्ण भारापेक्षा हलक्या कामात, क्षणभर टर्बो मारताना जास्त उघडी पडते. ८०वर आणल्यापासून तक्रार नाही. आठवडाभर सुरळीत चालल्याशिवाय हे विंडोजबरोबर आपोआप सुरू होऊ देऊ नका, नाहीतर चालू होता होताच मशीन कोसळत राहील.

दोन अडथळे येतात. डिसेंबर २०१९मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षात्रुटी जाहीर झाली आणि त्यावरच्या बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनी पुष्कळ लॅपटॉपांवर व्होल्टेज बदलणं कुलूपबंद केलं. खिडकीत ‘लॉक्ड’ दिसलं तर नाद सोडा, टर्बो रेशोवर भागवा. दुसरा अडथळा विंडोजच्या कोअर आयसोलेशनमधल्या मेमरी इंटेग्रिटीचा. ती चालू असेल तर आकडे भरता येतात पण लागत नाहीत. बंद केल्यावर थोड्या फ्रेमही सुटतात, मात्र संरक्षणाचा एक थर जातो. याच मशीनवर घरचे बँकेचे व्यवहार होत असतील तर ती चालूच ठेवावी असं माझं मत. अँटी-चीटचंही (गेममधली फसवेगिरी पकडणाऱ्या प्रोग्रॅमचंही) भान ठेवा. व्हॅलोरंटच्या व्हॅनगार्डने पूर्वी असल्या टूलांचे काही ड्रायव्हर अडवलेले आहेत. आकडे लावून थ्रॉटलस्टॉप बंद करून टाकलं तरी ते रीस्टार्टपर्यंत टिकतात. झाकण लावून झोपवलेला लॅपटॉप उठला की मात्र एकदा तपासा, कधीकधी शून्यावर गेलेले असतात.

पीएल१ १५ऐवजी २० वॅट करता येतो का? काही मशीनवर येतो. इंटेलच्या कागदावर या चिपला २५पर्यंत परवानगी आहे. पण कंपनीने ती दुसऱ्या एका जागीही बांधलेली असते, त्यामुळे थ्रॉटलस्टॉपमध्ये २० दिसत असूनही वॅट १५वरच अडतात. तेव्हा टीपीएलमधली एमएमआयओची (त्या दुसऱ्या जागेची) मर्यादा लॉक करून बघा. इथे जमलं आणि थंडीत मजा आली. मे महिन्यात मात्र सोडून दिलं. खोली २८ वरून ४० अंशांवर गेली की चिपही जवळपास तेवढीच, बारा अंशांनी वर सरकते. नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात २० वॅट म्हणजे नव्वदीच्या पलीकडे मुक्काम. मागच्या पायांखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं ठेवली तर तळाला हवा मिळते. महागड्या कूलिंग पॅडने त्याहून फार काही साधलं नाही.

धूळ काढायला तळ उघडावाच लागतो. बाहेरून ब्लोअर मारला तर पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधे बसलेला नमद्यासारखा थर अजून घट्ट होतो. फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरा, भरधाव फिरू दिलं तर बेअरिंग जातं. दोन-तीन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, ते राहिले आणि जोर लावला की प्लॅस्टिकचे काटे मोडतात. हीटसिंकचे (चिपची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या भागाचे) स्क्रू १-२-३-४ कोरलेल्या क्रमाने थोडे थोडे सोडवा आणि त्याच क्रमाने आवळा. चिप उघडी असते, वर धातूचं झाकण नाही, त्यामुळे एका बाजूने आवळलं तर कोपरा फुटू शकतो. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. पातळ पेस्ट उघड्या चिपवर गरम-थंड होत होत कडेला सरकते, इथे चारेक महिन्यांत तापमान पुन्हा चढू लागलं. पेस्टऐवजी लावायचा पीटीएम७९५० हा पत्र्यासारखा तुकडा त्या बाबतीत उजवा ठरला, फक्त खात्रीच्या ठिकाणाहून घ्या.

एसएसडीने सरासरी फ्रेम वाढत नाहीत. पण हार्ड डिस्कवर जीटीएत वेगाने गेलं की समोरचा रस्ताच उमटत नसे आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, तो प्रकार संपला. स्लॉट साटा आहे की एनव्हीएमई (एसएसडी जोडण्याचे दोन प्रकार) एवढं आधी बघा.

गेममधल्या सेटिंगमध्ये पहिला वार रिझॉल्यूशनवर करा. फुल एचडीत २०,७३,६०० ठिपके असतात, १२८०×७२०मध्ये ९,२१,६००. म्हणजे काम निम्म्याहून कमी. जीटीएत एमएसएए (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद, ग्रास आणि शॅडो नॉर्मल, डिस्टन्स स्केलिंग शून्याकडे, पॉप्युलेशन डेन्सिटी निम्म्याखाली. मार्च २०२५मध्ये आलेल्या एन्हान्स्ड आवृत्तीच्या नादाला लागू नका, जुनीच ठेवा. मग रिव्हाट्यूनर या प्रोग्रॅमने फ्रेम ३०वर बांधा. २८ ते ४२ अशा नाचणाऱ्या फ्रेमपेक्षा बांधलेल्या ३० डोळ्याला कितीतरी बऱ्या, कारण ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम बरोबर दोन वेळा दिसते. ४०वर बांधलं तर तो हिशोब जमत नाही आणि उगाच झटके जाणवतात.

पैसे किंवा वेळ वाया गेलेल्या गोष्टी : गेम बूस्टर, रॅम क्लीनर, एमएसकॉन्फिगमध्ये ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ वाढवणं (सगळे आधीपासूनच वापरात असतात), बायोसमध्ये ग्राफिक्स मेमरी १२८ची ५१२ करणं. शेवटच्याचा उपयोग फक्त मेमरी कमी म्हणून उघडायलाच नकार देणाऱ्या एखाद्या गेमपुरता. छाटलेलं ‘लाइट’ विंडोज तर मुळीच घालू नका, त्यात नेमकं काय छाटलंय आणि काय घातलंय ते कोणालाच ठाऊक नसतं. नव्या ड्रायव्हरचीही वाट बघू नका. २०२२मध्ये इंटेलने ही पिढी जुन्यांच्या रांगेत टाकली, आता नव्या गेमसाठी खास दुरुस्त्या येत नाहीत. काउंटर-स्ट्राइक २ सगळं खाली आणूनही धुराच्या गोळ्यात गुदमरतो. मित्रांबरोबर टाइमपासला ठीक, रँकसाठी नाही.

एक शेवटचं, कारण यात लोक विंडोज पुन्हा टाकण्यापर्यंत जातात. वेग अचानक ०.८ किंवा ०.४ गीगाहर्ट्झवर अडकला आणि तापमान मात्र थंडगार असेल तर सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. थ्रॉटलस्टॉपच्या लिमिट्स खिडकीत ‘बीडी प्रॉकहॉट’ पेटलेला असेल तर बोर्डावरचा दुसरा कोणतातरी भाग प्रोसेसरला ब्रेक लावतोय, आणि तो बहुधा न ओळखलेल्या चार्जरमुळे. स्वस्तातला चार्जर किंवा वाकलेली मधली पिन एवढ्यानेही होतं. त्या पर्यायाची खूण काढली की वेग परत येतो, पण चार्जर गरम होत राहतो. आधी कुणाचा तरी मूळ चार्जर मागून दहा मिनिटं लावून बघा.