विंडोजची फोल्डरपुरती केस-सेन्सिटिव्हिटी: कामाची, पण आधी सेट करा

केस-सेन्सिटिव्हिटी म्हणजे नावातल्या कॅपिटल-स्मॉल अक्षरांवरून फाइली वेगळ्या मानणं. लिनक्सचा कोड विंडोजवर हाताळणाऱ्यांसाठी एकेका फोल्डरापुरती ही सोय विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून आहे, फक्त एनटीएफएसवर (विंडोजच्या डिस्कचा नेहमीचा फॉरमॅट). ॲडमिन म्हणून 'एफएसयूटिल फाइल सेटकेससेन्सिटिव्हइन्फो' कमांडला फोल्डरचा पाथ आणि 'एनेबल' द्यायचं. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) चालू हवं, फोल्डर रिकामं हवं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं 'कोअर डॉट इग्नोअरकेस' (कॅपिटल-स्मॉल फरक मानायचा की नाही हे सेटिंग) कोडची प्रत उतरवताना, म्हणजे क्लोन करतानाच ठरतं, तेव्हा हे त्याआधीच उरका. हल्लीच्या आवृत्त्यांत आत नव्याने केलेल्या फोल्डरांनाही ते आपोआप लागू होतं.

खरी गोची बंद करताना. कॅपिटल आर आणि स्मॉल आर अशा दोन 'रीडमी' फाइली शेजारी असल्या की 'डिसेबल' साफ नकार देतं. आधी एकीचं नाव बदला. काही विंडोज सॉफ्टवेअरं तर अशा फोल्डरात गोंधळून भलतीच फाइल उघडतात. कॅपिटल-स्मॉल फरक न मानणाऱ्या एक्सफॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर दोघी एकत्र राहूच शकत नाहीत, बॅकअप झिप करूनच घ्या.