बिलात बोअर, ब्लॉकमध्ये पॉलिश पेपर

बिलावर लिहिलं होतं : चार सिलिंडर बोअर, होनिंग, ५० साइजचे पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट, मजुरी. एकूण ४१,५०० रुपये. प्रत्यक्षात ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) बोरिंग मशीनवर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करणाऱ्या मशीनवर, चढलाच नव्हता. पिस्टन जुनेच, फक्त त्यांच्याभोवतीच्या रिंगा नव्या. सोलापुरात पिकअप, जीप नाहीतर ट्रॅक्टरचं इंजिन काम काढणाऱ्यांसाठी हे लिहितोय. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, एकदा बसलं की आत काय केलंय ते मालकाला दिसत नाही, आणि फसवणाऱ्या मेस्त्र्यांचं सगळं त्यावरच चालतं.

गाडी चार सिलिंडरची जुनी डिझेल पिकअप. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरीचे गठ्ठे उचलायचे, ट्रान्सपोर्टला टाकायचे, मधूनच तुळजापूर-बार्शीची भाडी. ऑइल प्यायला लागली. तुळजापूरच्या घाटात लोड असला की मागं निळा धूर, मागचे गाडीवाले शिव्या घालायचे. मेस्त्रीनं (नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे) हेड उतरवलं आणि म्हणाला, "मालक, वरच्या कडेला नख लावून बघा." नख अडकत होतं. रिंग जिथपर्यंत वर जाते तिथपर्यंत सिलिंडरची भिंत झिजते, त्याच्या वरचा पट्टा कोरा राहतो, म्हणून तिथं पायरी पडते. निदान बरोबर होतं. कामात हा माणूस कच्चा नव्हता, हे मुद्दाम सांगतोय. काय करायला पाहिजे ते ज्याला नीट कळतं, त्यालाच ते न करता पैसे घेता येतात.

झिजलेला सिलिंडर गोल राहत नाही. पिस्टन ज्या बाजूला रेटतो तिकडं जास्त झिजतो, वर जास्त आणि खाली कमी, म्हणजे अंडाकृतीही होतो आणि निमुळताही. त्यात नवी गोल रिंग टाकली तरी कुठंतरी फट राहणारच. म्हणून बोअर मारून सिलिंडर पुन्हा गोल करायचा, त्या मापाचा मोठा पिस्टन टाकायचा. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिलिमीटर अशा साइजा मिळतात. आमच्या ब्लॉकला ५०, म्हणजे ०.५० वाली, लागेल असं ठरलं.

पहिला खोटेपणा इथंच होता. फोनवर म्हणाला, "बोअर मारून झालाय, पिस्टन पुण्याहून उद्या येतायत." चांगला बोरिंगवाला पिस्टन हातात आल्याशिवाय शेवटचा कट मारत नाही. पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायचा, त्यात कंपनीनं सांगितलेला क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) धरायचा आणि त्या मापाला बोअर न्यायचा. पिस्टन पुण्यात आणि बोअर तयार, हे गणित बसतच नाही.

"जुने पार्ट परत मागा" असं सगळेच सांगतात. मीही मागितले. त्यानं चार काळे पिस्टन पोत्यात घालून दिले, घरी जिन्याखाली ठेवले. ते कुठल्या दुसऱ्याच गाडीचे निघाले, ते पुढं येईल.

गाडी मिळाल्यावर धूर होताच. म्हणाला, "रिंगा बसायला वेळ लागतो, हजार किलोमीटर ओढू नका." अर्धं खरं आहे, नव्या रिंगा बसेपर्यंत थोडं ऑइल जातं. पण ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. आमच्याकडं डिपस्टिकवर ऑइल खालीच चाललं होतं आणि ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाइपमधून भकाभका वाफ. मग इंजिनातून टक-टक सुरू झाली.

होटगी रोडला एक म्हातारे अण्णा आहेत, त्यांच्याकडं उघडलं. उघडताना पोराला मोबाइलवर सलग शूटिंग करायला लावलं, ब्लॉकच्या नंबरपासून. हेड निघालं, अण्णांनी काही न बोलता माझं बोट धरून सिलिंडरच्या वरच्या कडेला लावलं. पायरी जशीच्या तशी. बोअर मारलेल्या सिलिंडरला पायरी राहूच शकत नाही. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन रॉकेलच्या फडक्यानं पुसला, खाली ठसा : एसटीडी. म्हणजे कंपनीचं मूळ माप. ५० साइजच्या पिस्टनवर तसा आकडा असतो. होनिंग म्हणजे बोअरनंतर भिंत दगडांनी घासून घेणं. ते दगड फिरता फिरता खालीवर जातात, त्यानं तिरक्या रेषांची जाळी पडते आणि त्या रेषांत ऑइल टिकतं. आमच्या भिंतीवर आडवेतिडवे ओरखडे होते, हातानं पॉलिश पेपर घासल्याचे. तीन नंबरची वरची रिंग तुटली होती, कारण नव्या रिंगेची धारदार कड त्या पायरीवर आपटत होती. दुसरी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून अण्णांनी तिच्या दोन टोकांमधल्या गॅपमध्ये फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला, तर १ मिलिमीटरचं पान आरपार गेलं. व्यास पाव मिलिमीटर झिजला की गॅप जवळपास पाऊण मिलिमीटरनं वाढतो, हे त्यांनी तिथंच खडूनं लिहून दाखवलं. पोत्यातल्या पिस्टनची पिन आमच्या कनेक्टिंग रॉडमध्ये जाईना. जाडीच वेगळी.

ज्या बोरिंग शॉपचं नाव मेस्त्रीनं सांगितलं होतं तिथं गेलो. त्यांच्या वहीत त्या महिन्यात आमचा ब्लॉक नव्हताच. त्यांचा यात काही दोष नाही, उलट वही उघडून दाखवली.

मेस्त्रीचं उत्तर तयार होतं : "पिस्टन त्या म्हाताऱ्यानं बदलले." शूटिंग दाखवल्यावर आवाज खाली आला, ९,००० परत दिले, मग फोन उचलणं बंद.

आता अण्णांनी खरं काम केलंय. बोरिंग शॉपकडून थेट चिठ्ठी घेतली : चारही सिलिंडरची वर, मध्ये, खाली अशी मापं, ब्लॉक नंबरसकट. बोरिंगचे पैसे मी स्वतः तिथं भरले, मेस्त्रीच्या हातून नाही. पिस्टनचं पक्कं बिल माझ्या नावावर घेतलं, आणि पिस्टन आत जायच्या आधी त्यांच्या डोक्यावरच्या आकड्यांचे फोटो काढले. बंद करण्याआधी सिलिंडर साबणाच्या गरम पाण्यानं धुवून, पांढरं फडकं फिरवून बघितलं. होनिंगची भुकटी राहिली तर नव्या रिंगा तीच खाते. चांगला मेस्त्री या कशालाच नाही म्हणत नाही. "विश्वास नाही का मालक?" म्हणणारा भेटला तर हेड उतरवायच्या आधीच गाडी तिथून काढा, कारण उघडलेलं इंजिन दुसरीकडं न्यायचं तर टेम्पो करावा लागतो आणि त्याला ते माहीत असतं.

कच्ची पावती, यूपीआयच्या नोंदी, शूटिंग आणि अण्णांनी लिहून दिलेली मापं घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. मुदत दोन वर्षांची असते, १९१५ या हेल्पलाइनवरही सांगता येतं. पोतं मी अजून फेकलेलं नाही, त्यातले पिस्टन कुणाच्या गाडीचे आहेत तेही शोधतोय. त्या माणसालाही बहुतेक नवे पिस्टन टाकल्याचं बिल मिळालेलं असणार.