सांगलीचा माणूस आणि हळदीत फसला

लाज वाटते, तरी लिहितो. हळदीच्या अडतीवर 22 वर्षं हिशेब लिहिणारा मी, आणि हळदीच्याच नावाने 64,000 रुपये घालवले.

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, सहा वर्षांपासून. दिवसातून आठ वेळा जायचं, त्यात रक्त. लग्नकार्याला गेलं की आधी संडास कुठे ते बघून ठेवायचं. हे ज्यानं भोगलंय त्यानेच मला मूर्ख म्हणावं.

असले 'वैद्य' कसे गाठतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला गाठलेल्या वैद्याने जपानी संशोधनाचा कागद दाखवला. संशोधन खरं आहे हो, तेच तर! 2006 सालचं, आजार शांत असलेले 89 रुग्ण, रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं सत्त्व), सहा महिने. हिशेबात धरलेल्यांत कर्क्युमिनवाल्या 43 पैकी 2 जणांचा आजार पुन्हा उफाळला, नुसतं दिखाऊ औषध दिलेल्या गटात 39 पैकी 8 जणांचा. पण ते सगळे मेसालामिन किंवा सल्फासॅलाझिन, म्हणजे या आजाराच्या नेहमीच्या गोळ्या, चालू ठेवून होते. नेमकी ती ओळ कागदावर गाळलेली. मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "इंग्रजी गोळ्या बंद करा, आतडं जाळतात." चालू गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याच्या दारातून तिथेच उठा.

तपासणी 1,100. महिन्याच्या पुड्यांचा कोर्स 14,800, असे तीन. 'आतडं-शुद्धी'चे आगाऊ 18,500. सगळे एका खासगी नावाच्या क्यूआरवर.

दुसऱ्या आठवड्यात बायको वाटी विसळताना म्हणाली, "अहो, हळदीचं सत्त्व ना हे? मग वाटी पिवळी कशी होत नाही?" अडतीवरून घरी येतो तेव्हा माझी नखं पिवळी असतात, कॉलर पिवळी असते! भुकटी बोटावर घेतली. करडी, मातकट, पुसली की गेली. आणि मी काय म्हणालो? "शुद्ध केलेली असते." उलट तिलाच गप्प केलं. कारण रक्त थांबलं होतं. भूक लागत होती. गाल वर आले, लोक म्हणाले तब्येत सुधारली. झाडपाल्याने आठ दिवसांत एवढा गुण आला की आधी स्टेरॉइडचा संशय घ्या.

पुड्या संपल्या आणि चार दिवसांत कोसळलो. हिमोग्लोबिन 7.9, आणि कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तळाला. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "स्टेरॉइड किती दिवस घेत होता?" इस्पितळाचे 92,340 वेगळे. अशी पुडी कोणी घेत असाल तर तीही एकदम बंद करू नका, ती पुडी सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग दिवाणी दावा करा." औषधांच्या कार्यालयात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा अर्ज तीन प्रतींत हवा. तिसऱ्यांदा, पुडीवर बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, तक्रार कुणावर घ्यायची? अहो, नाव नाही हीच तर तक्रार आहे! बिल? लेटरहेडवर 'औषधी सेवा' एवढंच. (शिक्क्याचं बिल नसेल तर एक रुपया देऊ नका.) आणि तपासायला फोडलेली पुडी चालत नाही म्हणे, बंद आणा.

म्हणजे त्याच माणसाला आणखी 14,800 देऊ?