लांब केसांच्या मांजरासाठी कंगवा, स्लिकर आणि ट्रिमर: काही महिन्यांच्या वापरानंतर

लांब केसांच्या मांजराचं सामान घ्यायला गेलं की पहिल्यांदा हातात येतो तो स्लिकर ब्रश, आणि पुष्कळ मांजरांच्या अंगावर गाठी होतात त्या याच ब्रशवर विसंबून राहिल्याने. स्लिकरच्या बारीक, वाकड्या तारा वरचे केस छान फुलवतात, पण दाट लव (आतले मऊ, बारीक केस) असलेल्या मांजरात त्या कातडीपर्यंत पोचत नाहीत. वरून मांजर मऊसूत दिसतं आणि आत, कातडीला लागून, गुंता घट्ट होत राहतो. स्टीलचा कंगवा, स्लिकर, सुटी लव काढायचं पात्याचं डीशेडिंग टूल, गाठी कापायचा आकड्यांचा कंगवा आणि ट्रिमर या पाच वस्तू काही महिने वापरून माझा क्रम पक्का झाला आहे: कंगवा पहिला, ट्रिमर दुसरा, स्लिकर तिसरा. उरलेल्या दोन नसल्या तरी काही अडत नाही.

कंगवा साधा, पूर्ण स्टीलचा, साधारण 18-19 सेंटिमीटर लांब, अर्धे दाते विरळ आणि अर्धे दाट असा घ्यावा. दात्यांची टोकं गोल हवीत. विकत घेताना ती मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून बघावीत, ओरखडा उठला तर तो कंगवा नको. दाते किमान अडीच सेंटिमीटर लांब हवेत, नाहीतर मानेभोवतीच्या आयाळीत ते बुडतच नाहीत. याचा मोठा फायदा म्हणजे गाठ डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळते. कंगवा कातडीपासून केसाच्या टोकापर्यंत विनाअडथळा निघाला तर ती जागा झाली, अडकला तर नाही.

पद्धत अशी. एका हाताने केस वर उचलून खाली भांग पडल्यासारखी कातडीची रेघ दिसू द्यायची. त्या रेघेच्या खालची बोटभर रुंदीची बट विरळ दात्यांनी विंचरायची, मग त्याच बटेवरून दाट दाते फिरवायचे. नंतर वरचे थोडे केस खाली सोडायचे आणि पुढची रेघ घ्यायची. पाठीला हे झटपट होतं. वेळ द्यायचा तो कानांमागे, पट्ट्याखाली, काखेत, पोटावर, जांघेत, मागच्या पायांच्या झुपक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी, कारण तिथे घर्षण होतं, लाळ लागते किंवा तेलकटपणा असतो. मांजर आतली लव सतत टाकत असतं. ती गळून खाली न पडता वरच्या राठ केसांत अडकते, हालचालीने घासली जाते आणि तिचा नमदा बनतो. घरात राहणाऱ्या मांजरात दिव्यांच्या उजेडामुळे केसगळती वर्षभर चालू राहू शकते, म्हणून 'आता सीझन नाही' असं धरून चालू नये.

जातीप्रमाणे काम बदलतं. पर्शियन आणि हिमालयन यांची लव लांब आणि कापसासारखी असते, त्यांना रोज विंचरावं लागतं. मेन कून, रॅगडॉल यांचे केस रेशमी, आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं, मात्र काख आणि मागचे झुपके रोज बोटांनी चाचपावेत. मांजर म्हातारं, लठ्ठ किंवा सांधे दुखणारं असेल तर कमरेपाशी त्याची जीभ पोचत नाही आणि गाठी बरोब्बर तिथेच धरतात. एरवी स्वतःला नीट चाटणाऱ्या मांजराने एकाएकी ते सोडलं तर पशुवैद्याला दाखवावं. दात दुखणं, थायरॉइड, मधुमेह अशी कारणं मागे असू शकतात.

गाठ सापडली की लहान-मोठी बघून ठरवावं. वाटाण्याएवढी आणि बोटांनी चिमटता येणारी असेल तर ती सुटते. गाठ आणि कातडी यांच्यामधले केस दोन बोटांत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ कातडीला न लागता बोटांना लागते. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं की केस एकमेकांवरून सरकतात. टाल्कम पावडर मात्र नको, ती नाकात जाते आणि चाटून पोटातही. मग नखांनी गाठ उभी फाडून तिचे दोन-तीन पुंजके करायचे आणि टोकाकडून सुरुवात करत कंगव्याचं शेवटचं दातं हळूहळू मुळाकडे न्यायचं. मुळाकडून ओढायला गेलं की सुटे केसही गाठीत जाऊन बसतात. दोन-तीन मिनिटांत ढिली झाली नाही तर ती गाठ विंचरायची नाही, कापायची आहे.

कापायची म्हणजे कात्रीने नव्हे, हे ठासून सांगते. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते आणि गाठ तिला तंबूसारखी वर ओढून धरते. केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली हे डोळ्यांना दिसत नाही, आणि एका कचक्यात टाक्यांची जखम होते. गाठीखालून कंगवा घालून त्याच्यावर कात्री चालवायची युक्तीही घट्ट गाठीत फसते, कारण कंगवा जायला जागाच नसते.

इथे ट्रिमर लागतो, आणि त्याला 10 नंबरचं पातं. ते साधारण दीड मिलिमीटर केस शिल्लक ठेवतं आणि त्याचे दाते इतके जवळ असतात की कातडी सहजी आत शिरत नाही. लांब केस ठेवणारी, एकाआड एक आखूड दात्यांची पाती सुरक्षित वाटतात, पण मांजरासाठी तीच धोक्याची. त्यांच्या रुंद फटींत कातडीची घडी सापडते. दाढीचा ट्रिमर तळव्यांमधल्या केसांपुरता चालतो. दाट लवेत तो चोंदतो आणि केस कापण्याऐवजी खेचतो, मग मांजर पुन्हा त्याचा आवाजही सहन करत नाही.

ट्रिमर चालवताना दुसऱ्या हाताने कातडी ताणून सपाट करायची. काखेसाठी पुढचा पाय थोडासाच पुढे घ्यायचा, बाजूला फाकवायचा नाही. पातं कातडीला समांतर ठेवून गाठीच्या कडेने आत शिरायचं आणि केसांच्या दिशेने लहान-लहान ढकल देत गाठ अख्खी उचलायची. टोक कातडीत खुपसून चालवू नये. चार जागा विशेष जपायच्या: कानाच्या बाहेरच्या कडेवरची छोटी कातडीची खिसेवजा घडी, पोटावरची स्तनाग्रं (बोक्यालाही असतात), मागच्या पायापुढची पडद्यासारखी कातडी आणि शेपटीखालचा भाग. पातं तापतं, म्हणून दर मिनिट-दोन मिनिटांनी मनगटाला लावून बघावं. चटका वाटला तर बंद करून गार होऊ द्यावं. भाजलेली जागा बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दिसते.

एका बैठकीत पाच ते दहा मिनिटं पुष्कळ झाली. शेपूट फटकारू लागली, कान मागे गेले किंवा पाठीची कातडी थरथरली की तिथेच थांबून खाऊ द्यायचा. पोटावरच्या सगळ्या गाठी एकाच दिवशी काढायच्या हट्टापायी पुढचे कितीतरी दिवस मांजर कंगवा बघूनच पळतं.

अंघोळ आधी की गाठी आधी, याचं उत्तर एकच: गाठी आधी. ओल्या गाठी वाळताना आणखी आवळतात आणि आतल्या भागाला ओल धरून कातडी लाल होते. गाठी सुटण्यासाठी म्हणून सुगंधी तेलं तर अजिबात लावू नयेत. टी ट्री तेल मांजराला विषारी आहे आणि अंगावर लावलेलं सगळं ते चाटतंच.

डीशेडिंग टूलबद्दल मत तितकंसं चांगलं नाही. पहिल्या वापरात ढीगभर लव निघते आणि फार समाधान वाटतं, पण त्याच्या पात्यासारख्या कडेने वरचे लांब केसही तुटतात. सतत वापरलं की कमरेवर केस आखूड, फाटक्या टोकांचे होतात, आणि गाठीवर तर ते चालतच नाही. आकड्यांच्या कंगव्याच्या आतल्या धारेने पाठीवरची सुटी मोठी गाठ चिरून लहान करता येते. काखेत आणि जांघेत मात्र तो नेऊच नये.

टिकाऊपणात स्टीलच्या कंगव्याला काहीही झालेलं नाही. स्लिकरच्या कडेच्या तारा वाकल्या आहेत आणि गादीपासून सैल झाल्या आहेत. अशा तारांनी कातडी खरवडते, म्हणून तो ब्रश आता फक्त शेपटी फुलवायला आहे. ट्रिमरला प्रत्येक वापरापूर्वी दोन-तीन थेंब तेल आणि नंतर पात्यातले केस झटकणं सोडलं नाही तर तो नीट चालतो. पातं केस कापण्याऐवजी दुमडू लागलं की ते बोथट झालं. जोर लावू नये, धार करून घ्यावी किंवा बदलावं.

गाठी एकमेकींना जोडून पोटावर किंवा पाठीवर पत्र्यासारखा सलग थर झाला असेल, खालून वास येत असेल, ओल किंवा अळ्या दिसत असतील, तर घरातलं कुठलंही साधन पुरं पडणार नाही. पशुवैद्याकडे गुंगी देऊन सगळं उतरवणं हेच त्या मांजरासाठी कमी त्रासाचं. त्यानंतर केस पूर्ववत व्हायला बहुधा चार ते सहा महिने लागतात. हिमालयन आणि रॅगडॉलसारख्या, तोंड, कान, पाय आणि शेपटीला गडद रंग असलेल्या मांजरांत भादरलेली जागा गार पडल्याने तिथे नवे केस काळपट येऊ शकतात. पुढच्या केसगळतीनंतर रंग बहुतेक परत येतो. केस दोन सेंटिमीटर झाले की विरळ दात्यांनी दररोज मिनिटभर सुरुवात करावी. त्या लांबीत अजून गुंता नसतो, त्यामुळे कंगवा दुखत नाही आणि मांजराला त्याची सवय सहज लागते.