उन्हाळ्याचा अंदाज कुठं बघायचा? अथणी भागातल्या बेदाणावाल्याचा अ‍ॅप रिव्ह्यू

आधी कामाचं सांगतो, मग रिव्ह्यू. मोबाईलच्या हवामानात तुम्ही गाव म्हणून 'बेळगाव' ठेवलं असेल आणि राहायला अथणी, तेलसंग, कोहळ्ळी, कागवाड साईडला असाल तर ते आजच बदला, कारण जिल्हा बेळगाव असला तरी उन्हाळा आपला विजापूरचा आहे. सातबाऱ्याच्या, सॉरी, आपल्याकडच्या पहाणीच्या कागदावर काय लिहिलंय ते उन्हाला माहीत नसतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, अथणी साधारण साडेपाचशेवर, म्हणजे नुसत्या उंचीनंच दीड-दोन डिग्रीचा फरक पडला, आणि वरनं बेळगावला संध्याकाळी घाटावरनं पश्चिमेचं वारं येतं ते इकडं पोचेपर्यंत त्याच्यात काही राहत नाही. एप्रिलमध्ये बेळगाववाले 36-37 झालं की पंख्याखाली बसून हाय हाय करतात, आमच्याकडं त्याच दिवशी 40 पार झालेलं असतं आणि रस्त्यावर भेटलेला माणूस 'भाळ बिसल ऐत्री' (लई ऊन आहे हो) एवढंच बोलून सावलीकडं पळतो.

मी बेदाणा करतो. फेब्रुवारी ते एप्रिल शेडमध्ये माल रॅकवर असतो त्यामुळं आमच्या घरात हवामान हा टाइमपासचा विषय नाही. द्राक्ष डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीवर टाकलं की पुढचे बारा-पंधरा दिवस कोरडी हवा पाहिजे, चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो आणि त्या मधल्या दिवसात एक जोराचा वळीव आडवा शिरला किंवा नुसतं दोन दिवस दमट आभाळ बसलं तरी माल काळा पडतो, मग तासगावला नेऊन रेट काय सांगणार. त्यामुळं फुकटात मिळणारं हवामानाचं जवळजवळ सगळं मी मोबाईलमध्ये टाकून बघितलंय, आणि खालचं सगळं त्या नजरेनं आहे. तुम्ही फक्त लग्नाचा मांडव घालणार असाल तर थोडं वेगळं लागेल पण फार नाही.

फोनबरोबर जे हवामान आयतं येतं त्याच्यापासून सुरू करू, कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांच्याच फोनमध्ये काही ना काही असतं. दिसायला एकदम भारी, ढग हलतात, वीज चमकते. तापमान बऱ्यापैकी बरोबर सांगतं, एखाद-दोन डिग्री इकडं तिकडं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाऊस! मार्चमध्ये दुपारी दोनला ते स्वच्छ पिवळा सूर्य दाखवत होतं आणि पाचला आमच्या शेडच्या पश्चिमेचं शेडनेट फाटून पावसाच्या सरी रॅकवर. दुसऱ्या दिवशी त्यानं दिवसभर वीज-पाऊस दाखवला, आम्ही ताडपत्र्या बांधून बसलो, थेंब नाही. ह्याच्यात त्या बिचाऱ्याची चूक किती आणि वळवाचा स्वभाव किती हा प्रश्न आहे. वळवाचा ढग दुपारी तापून जागच्या जागी उभा राहतो, पाच-दहा किलोमीटरचा असतो, तास-दीड तासात संपतो. आणि ही आयती अ‍ॅपं ज्या जगभरच्या मॉडेलवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हवेच्या गणितावर, चालतात त्यातलं अमेरिकेचं जीएफएस साधारण 13 किलोमीटरच्या चौकटीत विचार करतं आणि युरोपचं 9 च्या. म्हणजे अख्खा ढगच त्यांच्या एका चौकटीत मावून जातो, मग कोहळ्ळीत पडणार का ऐनापुरात हे ते कसं सांगणार? म्हणून तिथं 30 टक्के पाऊस लिहिलं असेल तर तीस टक्के गावात पडणार किंवा तीस टक्के वेळ पडणार असं नाही, अशी हवा असलेल्या दहा दिवसांपैकी तीन दिवस पडतो एवढंच. बेदाणावाल्यानं 30 ला पण ताडपत्री हाताशी ठेवायची, मांडववाल्यानं 50 पर्यंत दुर्लक्ष केलं तरी चालेल. तापमानाला चार स्टार, पावसाला दीड.

आता 'मौसम', म्हणजे भारतीय हवामान खात्याचं अ‍ॅप. 2020 च्या जुलैमध्ये आलं. रंगरूप सरकारी आहे, त्याला इलाज नाही, पण आत माल आहे. आपल्या लोकांना ते वापरता येत नाही कारण सगळे पहिल्याच पानावरचं तापमान बघून बंद करतात. तिथं थांबायचं नाही, पुढं दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे जिल्ह्याचे रंग, हिरवा पिवळा केशरी लाल, पुढच्या पाच दिवसांचे. दुसरी म्हणजे नाऊकास्ट, पुढच्या तीन तासांचा इशारा, आणि उन्हाळ्यात खरं काम हेच देतं. कारण सकाळी कुणालाच माहीत नसतं ढग कुठं उभा राहणार, पण तीनला तो उभा राहिलेला असतो आणि सॅटेलाइटला रडारला दिसत असतो, मग गडगडाट, वारा ताशी किती, हे सांगता येतं. दुपारी दोननंतर दर तासाला मी हेच उघडतो. आमचे तात्या पण आता मोबाईल घेऊन विचारतात, 'तीन तासाचं काय म्हणतंय रं बघ', पाच दिवसांचं त्यांना काही देणंघेणं नाही.

रंगांचं मात्र समजून घ्या. रंग जिल्ह्याला आहे. आणि बेळगाव जिल्हा म्हणजे काय प्रकरण आहे ते आपल्याला माहीत आहे, एका टोकाला खानापूर, कणकुंबी, जिथं मलप्रभा उगवते आणि पावसाळ्यात माणूस छत्री मिटत नाही, आणि दुसऱ्या टोकाला आम्ही, टँकरची वाट बघणारे. दोघांना एकच पिवळा रंग. घाटात गडगडाट होणार म्हणून जिल्हा पिवळा झाला तर अथणीवाल्यानं घाबरायचं का? माझा नियम असा की बेळगाव, विजापूर आणि सांगली तिन्ही जिल्हे बघायचे. बेळगाव एकटाच पिवळा असेल तर ते बहुतेक खानापूर-चंदगड साईडचं आहे, कामाला लागा. विजापूर आणि सांगली पण पिवळे असतील तर आपण मधोमध आहोत, ताडपत्री काढा. मराठवाड्यापासून उत्तर कर्नाटकातनं खाली केरळकडं कमी दाबाचा पट्टा गेलाय असं खात्याच्या बुलेटिनमध्ये आलं की तर नक्कीच, आपल्याकडचा बराचसा वळीव ह्याच पट्ट्यावर येतो, दोन्हीकडचं वारं तिथं भेटतं, बंगालच्या उपसागराची ओल वर चढते आणि दुपारच्या तापाबरोबर ढग. हे वाक्य बुलेटिनमध्ये शोधायची सवय लावून घ्या, इंग्रजीत असलं तरी दोन दिवसांत ओळखता येतं. मौसमला साडेचार स्टार, अर्धा कापला तो रंग तालुक्याला नाही म्हणून.

उष्णतेच्या लाटेचं पण ह्याच अ‍ॅपवर येतं आणि त्यावरनं व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी भांडणं होतात. 'एवढं ऊन आणि हे लाट नाही म्हणतात, झोपलेत काय'. तसं नसतंय. सपाटीवर आधी पारा 40 ला पोचला पाहिजे, आणि त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार डिग्री वर पाहिजे, किंवा मग सरळ 45 झालं पाहिजे. विजापूर, कलबुर्गीची मेमधली सरासरीच चाळिशीच्या आसपास, तिथं 42 म्हणजे रोजचं जगणं, लाट नाही. म्हणून हिरवा रंग बघून भर दुपारी बारा ते तीन शेतात काम काढू नका, हिरव्यातही माणूस चक्कर येऊन पडतो. आणि ते कारच्या डॅशबोर्डवरचे 47 चे फोटो पाठवणं बंद करा राव, ती गाडी उन्हात उभी आहे, खालनं डांबर तापलंय. खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या पेटीत, सावलीत, हवा खेळती ठेवून, जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर असतो.

तिसरं, विंडी. हे चेक लोकांचं आहे, फुकट चालतं, आणि बेदाणावाल्यांमध्ये ह्याचा प्रसार का झाला नाही मला कळत नाही. लोक उघडतात, वाऱ्याच्या रेघा फिरताना बघतात, पोरांना दाखवतात आणि बंद करतात. थरांच्या यादीत जाऊन ह्युमिडिटी चालू करा आणि आपल्या शेडवर बोट ठेवा. फुकटात दर तीन तासांची आर्द्रता येते. आपल्याकडं मार्चच्या दुपारी 20-25 टक्के असते, अशात माल सुरसुर वाळतो. रात्री ती वर जातेच, पण किती जाते त्यावर खेळ आहे. दुपारी 30 च्या आत आणि पहाटे 60 च्या आत असेल तर मी नवीन माल बिनधास्त टाकतो. पुढच्या तीन-चार दिवसांत पहाटेचं 80 दिसायला लागलं की द्राक्ष वेलीवरच राहू दे म्हणतो, दोन दिवस जास्त गोडी येईल. पाऊस चुकेल पण दमटपणा सहसा चुकत नाही, कारण तो पाच किलोमीटरचा ढग नसतो, अख्ख्या भागावर पसरलेला असतो. हवामान अ‍ॅपवर विश्वास नाही म्हणणाऱ्या माणसाला मी हेच सांगतो, जे मोठं आहे ते विचार, जे छोटं आहे ते तीन तास आधी विचार.

दुसरी मजा म्हणजे त्यात युरोपचं आणि अमेरिकेचं मॉडेल शेजारी शेजारी बघता येतं. दोघं एकच बोलत असतील तर विश्वास ठेवा, दोघांत भांडण असेल तर चार दिवसांनंतरचं काहीच खरं मानू नका. आपलं स्वतःचं पण आता बारीक मॉडेल आलंय, भारत फोरकास्ट सिस्टिम, पुण्याच्या आयआयटीएम ह्या सरकारी हवामान संशोधन संस्थेनं केलेलं, 2025 च्या मेमध्ये सुरू झालं, 6 किलोमीटरच्या चौकटीचं, आधी 12 होतं. वळवाच्या ढगाला ते जास्त जवळचं माप आहे, त्यामुळं पुढच्या सीझनांना माझं जास्त लक्ष त्याच्याकडं. विंडीला बेदाण्यासाठी पाचपैकी पाच. ज्यांना फक्त 'आज गरम आहे का' एवढंच पाहिजे त्यांनी डोक्याला ताप करून घेऊ नका, दार उघडून बघा.

दामिनी सगळ्यांनी टाकाच, ह्याला स्टार वगैरे देण्याचा प्रश्न नाही. हे पण आयआयटीएमचंच, विजेसाठी. 20 ते 40 किलोमीटरच्या घेऱ्यात वीज पडत असेल तर सांगतं. एप्रिलमध्ये शेडवर बायका जाळीवरचा माल खाली काढत असतात, गडगडलं की सगळ्या जणी कडुलिंबाखाली जाऊन उभ्या राहतात, आणि ते सगळ्यात वाईट. आता आमच्याकडं दामिनी वाजलं की काम बंद, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ नाही, झाडाखाली नाही, पक्क्या घरात. लोकेशन चालू ठेवावं लागतं आणि फोनची बॅटरी वाचवायची सेटिंग त्याला झोपवून टाकते, तेवढं एकदा सेटिंगमध्ये जाऊन सोडवून घ्या.

मेघदूत शेतीच्या सल्ल्याचं, मंगळवारी आणि शुक्रवारी नवीन येतं. बेळगाव-विजापूरचा सल्ला कन्नडमधनं आणि सांगलीचा मराठीतनं, ज्याला जे वाचता येतं त्यानं ते घ्यावं, द्राक्षाला सांगलीतलं जत आणि आपलं अथणी ह्यात काय फरक आहे. तीन स्टार.

फील्स लाइक म्हणून जो आकडा येतो त्याच्यावरनं पण एक. गोव्याला 34 ला फील्स लाइक 42 दाखवतं आणि विजापूरला 41 ला 39-40, मग लोक म्हणतात मोबाईल बिघडला. बिघडला नाही, आपल्याकडं हवा कोरडी आहे, घाम येता येता सुकतो, म्हणून अंग कमी भाजतं असं गणित. पण घाम दिसत नाही म्हणून माणूस पाणी पीत नाही हे त्या गणितात नाही. कूलर पण ह्याच कोरडेपणावर चालतो, मार्चमध्ये आमच्याकडं एसी झक मारेल असा चालतो आणि मेच्या शेवटी पश्चिमेची दमट हवा आली की नुसता चिकचिकाट. 2025 ला तर मान्सून 24 मेलाच केरळात आला, नेहमीची तारीख 1 जून, त्या वर्षी कूलर लवकर माळ्यावर गेला.

आणि हो, बेळगाव काढून विजापूर सेव्ह करताना बघून करा. विजापूरचं आताचं सरकारी नाव विजयपूर, ते टाइप केलं की देवनहळ्ळी तालुक्यातलं, बेंगळूर विमानतळाजवळचं विजयपूर पण यादीत येतं आणि तिकडचा उन्हाळा आपल्यापेक्षा चांगलाच सौम्य. आमच्या पाहुण्यांचं तेच झालं होतं, अख्खा एप्रिल 'मोबाईलमध्ये 34 च आहे' म्हणून सगळ्यांना ऐकवत होते. नकाशावर सोलापूरच्या खाली बोट ठेवून सेव्ह करा, आणि शक्य असेल तर अथणीचं लोकेशन वेगळं टाका.